मिशीखालचा टाका

डॉक्टरांनी विचारलेल्या पहिल्याच प्रश्नाला मी खोटं उत्तर दिलं.

आमची मुलगी तेव्हा जेमतेम आठवड्याची होती. वैशाली, माझी बायको, तिला मांडीवर घेऊन बसली होती. वरच्या ओठाच्या डाव्या बाजूने नाकापर्यंत गेलेली फट डॉक्टर हातमोजा घातलेल्या बोटाने हलकेच चाचपत होते. टाळू शाबूत आहे, ओठ आणि थोडी हिरडी एवढंच आहे, हे नशीब समजा, असं ते म्हणाले. मग लिहिता लिहिता त्यांनी विचारलं, "घरात आधी कोणाला असं होतं का? यांच्याकडे, तुमच्याकडे?"

वैशालीने मान हलवली. तिच्या माहेरी कोणालाच नव्हतं. मग तिने माझ्याकडे पाहिलं.

"नाही," मी म्हणालो.

डॉक्टरांनी मान वर केली, माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि पुन्हा लिहू लागले.

मी स्वतः असाच जन्मलो होतो. तोच ओठ, तीच डावी बाजू.

ज्या घरात असं बाळ येतं तिथे ऑपरेशनविषयी सांगणारं कोणी ना कोणी भेटतं. भेटलं नाही तरी डॉक्टर सांगतात. पण त्या दिवसांत घरात आणखी एक गोष्ट चालू असते, कोणाला दोषी धरायचं याची. त्याबद्दल कोणी बोलत नाही. मीही बोललो नाही, आणि त्याची शिक्षा दुसऱ्याच माणसाने भोगली. म्हणून हे लिहितोय.

*

आमचं मूळ गाव सायखेडा. मी तान्हा असताना वडिलांनी मला नाशिकला आणून ओठ शिवून घेतला. त्या काळात जसं जमत होतं तसं त्या डॉक्टरांनी मन लावून केलं असणार. तरी ओठ थोडा वर ओढलेला राहिला, डावी नाकपुडी चपटी राहिली. मला शिट्टी वाजवता येत नाही. फुगा फुगवायला घेतला की हवा एका बाजूने निसटते. शाळेत पोरं मला 'फाटक्या' म्हणायची. मिसरूड फुटलं तेव्हा बाकीच्या पोरांना त्याचं कौतुक होतं, मला मात्र सुटल्यासारखं वाटलं. तेव्हापासून मी मिशी कधी काढली नाही. दाट, ओठावर जरा उतरलेली ठेवतो. अंबडच्या ज्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो तिथे माझ्यामागे मला 'मिशीवाले' म्हणतात. फाटक्याचा मिशीवाले झालो, याचं मला मनातून समाधान होतं.

लग्नाच्या वेळी वण कोणाला दिसलाच नाही. नंतर वैशालीने एकदा मिशीखाली बोट फिरवून विचारलं, तेव्हा आईने पढवून ठेवलेलं उत्तर मी दिलं. लहानपणी पाळण्यातून पडलो, टाके पडले. गावात ज्यांना माहीत होतं त्यातले बरेच म्हातारे आता नाहीत, आणि उरलेल्यांना आईने दटावून ठेवलं होतं.

मग वडील गेले. सायखेड्याला गोदावरीच्या काठावर दहाव्याचा विधी होता. न्हाव्याने माझं डोकं भादरलं, दाढी काढली, आणि वस्तरा ओठावर आणला तेव्हा मी त्याचं मनगट धरलं. मिशी राहू दे म्हणालो. बाप गेल्यावर मुलाने मिशी ठेवायची, हे आमच्याकडे कोणी पाहिलेलं नव्हतं. चुलते चारचौघांत ओरडले, बाप मेलाय का शेजारी मेलाय तुझा. आई उठून त्यांच्यापाशी गेली, कानात काहीतरी बोलली आणि ते एकदम गप्प झाले.

घरी आल्यावर वैशालीने विचारलं. मी सांगितलं की मी असलं काही मानत नाही, दुःख मनात असतं, मिशीत नसतं. तिला ते फार आवडलं. पुढे कितीतरी जणांना ती अभिमानाने सांगायची, "आमचे हे असलं काही मानत नाहीत." झाकायला घेतलेल्या एका गोष्टीने मला सुधारक करून टाकलं, आणि मीही ते मिरवून घेतलं.

*

लग्नानंतर बरीच वर्षं आम्हाला मूल नव्हतं. दिवस राहिले तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. वैशाली घरी ब्लाउज शिवते. सिडकोत आमच्या भागात तिच्या हाताला मागणी आहे. ती पोटुशी असताना ग्रहण आलं, नेमकं लग्नसराईत. सकाळी तिने मला विचारलं, "आज द्यायचे ब्लाउज आहेत. शिवू का? सासूबाई रागावतील." मी चहा पीत होतो. म्हणालो, "काही होत नाही, शिव तू." ती हसली आणि मशीनवर बसली.

सोनोग्राफीत बाळाचा हात सतत तोंडाशी असायचा, त्यामुळे आधी काही कळलं नव्हतं. बाळंतपणाच्या दिवशी नर्सने मुलीला नाकापर्यंत गुंडाळून आणलं. घाबरू नका, हे नीट होतं, असं म्हणतच तिने कपडा खाली केला. वैशाली नुसती बघत राहिली. मला त्या चेहऱ्यात माझाच चेहरा दिसला, कोणी सांगायची गरज नव्हती. माझ्या आईलाही तो दिसला असणार. चाळीसेक वर्षांपूर्वी तिच्या मांडीवर हेच होतं.

आईने कपडा पुन्हा वर ओढला. मग म्हणाली, "पोरगी हाय, आन् त्यात हे असं." आणि थोड्या वेळाने, "ग्रहणात कात्री धरली व्हतीस ना? मी नको नको म्हणत व्हते."

वैशालीने माझ्याकडे पाहिलं. "तुम्हीच म्हणाला होतात ना, काही होत नाही?"

मला एकच वाक्य बोलायचं होतं. तिथे फक्त आम्ही तिघं होतो. मी म्हणालो, "आता तो विषय नको."

माझी खरी चूक ही आहे. डॉक्टरांपुढचं खोटं त्यानंतरचं.

*

पुढचे तीन महिने आमचं सगळं घर मुलीच्या वजनाभोवती फिरत होतं. ऑपरेशनसाठी तिने साधारण पाच किलो व्हायला हवं होतं, रक्त चांगलं हवं होतं आणि त्या वेळी सर्दी-खोकला नको होता. ओठाची पकड नीट बसत नसल्याने ती दूध ओढताना हवा गिळायची आणि लवकर दमायची. नर्सने वैशालीला शिकवलं की बाळाला बरंच उभं धरायचं, फटीवर स्तन दाबून ती बंद करायची, मधे मधे ढेकर काढायची, आणि उरलेलं दूध काढून चमच्याने पाजायचं. एका पाजण्यातून उठेपर्यंत दुसऱ्याची वेळ होई. ज्यांच्या घरी असं बाळ आहे त्यांना एवढंच सांगतो, आईला या काळात स्वयंपाक करू देऊ नका. मी वरण-भात तेव्हा शिकलो. शिकून मला बरं वाटायचं, जणू काही तेवढ्याने फिटणार होतं.

आई घरातच होती. ती वाईट बाई नाही. नातीला मालिश करायची, रात्रंदिवस मांडीवर घ्यायची. पण कोणी बघायला आलं की कात्रीची गोष्ट सांगितल्याशिवाय चहा व्हायचा नाही. वैशाली सुरुवातीला उत्तर द्यायची. मग देईनाशी झाली. एक दिवस मी कामावरून आलो तर शिलाई मशीनवर जुनी चादर घातलेली होती, वर मुलीचे लंगोट वाळत टाकलेले. आलेले ब्लाउज तिने बायकांना परत दिले होते. कात्री कुठे आहे विचारलं तर म्हणाली, माळ्यावर टाकली.

*

ऑपरेशन ठरवायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. ओठ फाटलेला नसतो, जुळायचा राहिलेला असतो. पोटात असताना दोन्ही बाजू मधे येऊन मिळतात, हिची एक मिळाली नाही. फटीच्या आतली कड आखूड आणि वर ओढलेली असते. दोन्ही कडा नुसत्या सरळ शिवल्या तर ओठ वरच राहतो. म्हणून ते आतल्या बाजूला वळणदार काप घेऊन तो भाग खाली फिरवणार होते, आणि त्याने जी जागा मोकळी होईल तिथे बाहेरच्या बाजूचा तुकडा पुढे सरकवून बसवणार होते.

"म्हणजे ब्लाउजच्या काखेत तिरक्या तुकड्याची कळी घालतो तसं," वैशाली म्हणाली. "सरळ शिवलं की ओढ बसते."

डॉक्टर हसले. "आमच्या विद्यार्थ्यांना हे समजायला फार वेळ लागतो हो."

"आणि खुणा कशाने करता?"

निळ्या शाईने, छोट्या कंपासने मोजून, असं ते म्हणाले. कापण्याआधी खुणा करण्यातच बराच वेळ जातो. लाल ओठ आणि कातडी यांच्यामधली रेघ केसाएवढीही इकडेतिकडे झाली तर लांबूनही दिसते. कातडीखालचा स्नायू वेगळा सोडवून गोल जोडावा लागतो, खरं काम तेच असतं. तो नीट जोडला नाही तर फुंकर मारताना ओठ एका बाजूला फुगतो. वण राहणारच, पण तो नाकाखाली मुळातच जी उभी कड असते तिच्यावर आणायचा म्हणजे सहज लक्षात येत नाही.

मी जिभेने माझा ओठ आतून चाचपत होतो. त्यांनी सांगितलेलं एकूण एक तिथे लागत होतं. आणि मला पहिल्यांदाच जाणवलं की हिला मिशी येणार नाही. मी झाकलं तसं तिला कधीच झाकता येणार नाही.

वैशाली कागदाकडे वाकून बघत होती. मूल झाल्यापासून तिच्या चेहऱ्यावर असा रस मी पाहिला नव्हता. मग तिच्याच लक्षात आलं असावं की आपण कापण्या-शिवण्याबद्दल बोलतोय. तिने हात पदराखाली घेतले.

*

दाखल झालो त्या दिवशी शेजारच्या खाटेवर हरसूलकडचं एक जोडपं होतं. त्यांच्या मुलाचा ओठ आदल्या दिवशी शिवलेला होता. त्या बाईने आपण होऊन वैशालीला बोलावलं आणि बाळाचा चेहरा दाखवला. सुजलेला, टाक्यांचा, पण ओठ पुरा होता. वैशाली त्याच्यापाशी बराच वेळ उभी राहिली. परत आली तेव्हा तिचे खांदे जरा सैल पडले होते.

थोड्या वेळाने शिकाऊ डॉक्टर तोच प्रश्न विचारत आले. घरात आधी कोणाला? त्या माणसाने बिस्किट चावता चावता सांगितलं, "माझे बापाला व्हता ना. तसाच म्हातारा झाला, ऐंशी वर्षं भाकरी खाल्ली." त्याची बायको हसली, शिकाऊ डॉक्टरही हसला. इतकं सोपं होतं ते.

संध्याकाळी सही करायला मला एकट्याला डॉक्टरांनी खोलीत बोलावलं. सही झाल्यावर म्हणाले, "तुमचा कोणी केला होता?"

माझा हात मिशीवर गेला.

"मिशीने ओठ झाकतो, नाक झाकत नाही. मला पहिल्याच दिवशी दिसलं होतं. घरी ग्रहणाबिहणाचं काढलंय का कोणी?"

मी मान डोलावली.

ते शांतपणे बोलत होते, रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. म्हणाले, हे तुमच्याकडून आलं असेल किंवा नसेलही, पुष्कळदा कारण सापडतच नाही, आणि आलं असलं तरी तो तुमचा गुन्हा नाही. "पण ती खाली मान घालून बसते. ते मला टाक्यांनी नीट करता येणार नाही."

ऑपरेशन झालं की सांगतो, असं मी त्यांना कबूल केलं.

*

सकाळी मुलीला उपाशी ठेवायचं होतं. ती रडत होती आणि आम्ही तिला फिरवत होतो, तिच्या आईचा वास लागू नये म्हणून जास्त करून मीच. थिएटरच्या दारात एका नर्सने हात पुढे केले. मी मुलगी दिली. ज्यांनी असं मूल दिलंय त्यांनाच कळेल की त्या क्षणी हात किती हलके होतात आणि ते किती भयंकर असतं. बाहेरच्या बाकावर वैशाली माझ्या एका बाजूला आणि आई दुसऱ्या बाजूला बसली. आई जप करत होती. वैशालीने मला हळूच विचारलं, "हिला काही झालं तर तुम्ही मला माफ कराल का?"

मी तिचा हात धरला. तोंड उघडलं नाही.

मुलगी बाहेर आली तेव्हा डोळे मिटलेले, ओठावर पट्ट्या, नाकपुडीचा आकार राहावा म्हणून आत रबराचा छोटा तुकडा. सगळं व्यवस्थित झालं, डॉक्टर म्हणाले. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना आम्ही चेहरा पाहिला. सुंदर होता आणि ओळखीचा नव्हता. हे आधी कोणी सांगत नाही म्हणून सांगतो. ती पूर्वी सगळा चेहरा उघडून हसायची, त्या फटीत तिचं हसू मावायचं नाही. ते आता नव्हतं. वैशाली त्यासाठी रडली. नर्सने तिला उगी केलं, म्हणाली, सगळ्या आया रडतात, महिनाभरात नवं हसू येतं. ते खरंच आलं.

टाक्यांना हात लागू नये म्हणून दोन्ही कोपर ताठ ठेवायचे होते. मिळालेल्या पट्ट्या घरी आल्यावर सारख्या सुटायच्या. मी वैशालीला म्हटलं, तूच दोन बाह्या शिव ना, आत पुठ्ठा घालू. ती चादर घातलेल्या मशीनकडे बघत म्हणाली, "नको. माझ्या हाताने हिच्या अंगावर काही नको." बाह्या शेजारच्या ताईंनी शिवून दिल्या. तेव्हाही मी गप्प राहिलो. ऑपरेशन झालेलं होतं, डॉक्टरांना दिलेला शब्द होता, तरी गप्प राहिलो. आता सगळं नीट झालंच आहे तर जुनं कशाला काढायचं, अशी मी माझी समजूत काढत होतो.

*

बारसं आम्ही थांबवून ठेवलं होतं. वण फिका पडू लागला तेव्हा केलं. नाव वैशालीने काढलं, पूर्वा. दोन्ही ओठ मिटल्याशिवाय हे नाव म्हणता येत नाही, म्हणून तिने ते निवडलं होतं. हे तिने फक्त मला सांगितलं.

घर बायकांनी भरलं होतं. पाळणा सजवला होता. माझी आत्तेबहीण सोनाली आली होती, तिला सहावा महिना होता. वैशाली घुगऱ्या वाटत फिरत होती. आईने सोनालीला जवळ बसवून घेतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगू लागली, "गिरान आलं का गप पडून राहायचं. विळी नाय, कात्री नाय, सुई नाय. नायतर आमच्या वैशालीगत व्हतं बघ."

सोनालीने अवघडून वैशालीकडे पाहिलं.

वैशाली तिच्या हातात घुगऱ्या देत म्हणाली, "खरंय गं. मी ऐकलं नाही."

रागाने नाही, टोमण्याने नाही. एका गरोदर बाईला सावध करावं तसं, कळवळून. जी मला 'आमचे हे असलं मानत नाहीत' म्हणून मिरवायची, तिने आता ते स्वतः मानलं होतं. हे मी केलं होतं. पुढे पूर्वा विचारणार होती की हा वण कसला, आणि तिची आई तिला हेच सांगणार होती.

मी चपला घातल्या आणि कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये गेलो. मिशी काढ म्हटलं तसा न्हावी हात थांबवून आरशातून बघू लागला.

"कोण गेलं, साहेब?"

"कोणी नाही."

"घरी तर बारसं आहे ना आज?"

"हो. काढ तू."

वरच्या ओठाला इतक्या वर्षांनी वारा लागला. आरशात फाटक्या होता, मधल्या काळात म्हातारा झालेला. मी फार वेळ बघितलं नाही.

घरात शिरलो तसं गाणं थांबलं. आत्या म्हणाली, "अगं बाई." आईने पाहिलं आणि उठून उभी राहिली. "शुभकार्याला मिशी काढून आलास? माझ्या नातीच्या बारशाला?" मग तिची नजर माझ्या ओठावर गेली आणि तिने पदर तोंडाला लावला.

मी पाळण्यापाशी जाऊन वैशालीसमोर खाली बसलो. तिच्या हातात घुगऱ्यांचं पातेलं तसंच होतं. ती माझ्या ओठाकडे बघत होती, मग पाळण्यात बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे.

"मी पाळण्यातून पडलो नव्हतो," मी म्हणालो. "मी असाच जन्मलो."

"गप बस," आई म्हणाली.

"आई, ग्रहणात विळी धरलीस म्हणून मी असा झालो, असं आजी तुला मरेपर्यंत बोलायची. तूच सांगितलंस मला. तुला तेव्हा कसं वाटायचं?"

आई हळूहळू भिंतीला टेकून खाली बसली. "लय बोलली मला," ती कोणाकडेच न बघता म्हणाली. "लय बोलली."

पूर्वा पाळण्यात हातपाय हलवत होती. मी वैशालीच्या हातातलं पातेलं घेऊन खाली ठेवलं. मग सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोललो.

"डॉक्टरांनी विचारलं तेव्हा मी तुझ्याशेजारी बसून नाही म्हणालो. बाबांच्या दहाव्याला मी काही मानत नाही म्हणालो, तेही खोटंच. मला फक्त हा ओठ झाकायचा होता. तू कात्री धरलीस ती मी शिव म्हणालो म्हणून, आणि त्या कात्रीने काहीच झालेलं नाही. हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि मी तुला सगळ्यांची बोलणी खाऊ दिली. थिएटरबाहेर तू माझ्याकडे माफी मागितलीस, तेव्हाही मी गप्प बसलो. वैशाली, मला माफ कर."